ग्नू, लिनक्स आणि श्रेयाचा हिशेब

२५ ऑगस्ट १९९१ रोजी हेलसिंकी विद्यापीठातल्या एकवीस वर्षांच्या एका विद्यार्थ्याने यूजनेटवरच्या मिनिक्सच्या चर्चागटात एक छोटं निवेदन टाकलं. ३८६ जातीच्या संगणकांसाठी आपण एक ऑपरेटिंग सिस्टिम लिहीत आहोत, हा निव्वळ छंद आहे, ग्नूसारखं मोठं आणि व्यावसायिक असं काही त्यातून व्हायचं नाही, असं त्याने लिहिलं होतं. बॅश आणि जीसीसी हे दोन प्रोग्रॅम तिच्यावर चालू लागल्याचंही त्याने कळवलं होतं. विद्यार्थ्याचं नाव लिनस टॉरवाल्ड्स.

या निवेदनात ग्नू म्हणजे काय हे समजावून सांगितलेलं नाही. वाचणाऱ्यांना ते माहीत होतं. बॅश आणि जीसीसी हे दोन्ही ग्नू प्रकल्पाचे प्रोग्रॅम होते, हेही त्यांना ठाऊक होतं. त्या दिवशी ओळख करून द्यावी लागत होती ती टॉरवाल्ड्स यांच्या नव्या कामाची. पुढच्या पाच वर्षांत हे चित्र पालटलं. लिनक्स हे नाव सर्वांच्या तोंडी झालं आणि ग्नूवर आपली ओळख करून देण्याची वेळ आली. ग्नू प्रकल्प सुरू करणारे रिचर्ड स्टॉलमन यांनी १९९६ मध्ये नावाच्या प्रश्नावर जाहीर भूमिका घेतली, तेव्हा अनेकांना तो एका रुसलेल्या माणसाचा हट्ट वाटला. त्या भांडणाच्या तळाशी मात्र एक गंभीर प्रश्न होता. हजारो माणसं मिळून एखादी गोष्ट उभी करतात, तेव्हा तिला कोणाचं नाव मिळतं? आणि ज्या हेतूने ती उभी राहिली, त्या हेतूचं पुढे काय होतं?

आठ वर्षांची तयारी

स्टॉलमन १९७१ पासून एमआयटीच्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेत प्रोग्रॅमर होते. तिथे एकाने लिहिलेला प्रोग्रॅम दुसऱ्याने वाचावा, सुधारावा आणि पुढे द्यावा, अशी सहज रीत होती. १९८०च्या सुमारास ती मोडू लागली. झेरॉक्सने प्रयोगशाळेला एक लेझर प्रिंटर दिला. त्यात कागद वारंवार अडकत असे. आधीच्या प्रिंटरच्या प्रोग्रॅममध्ये स्टॉलमन यांनी एक सोय केली होती. कागद अडकला की छपाईची वाट पाहणाऱ्यांना संगणकावर तसा संदेश मिळे. नव्या प्रिंटरसाठी तीच सोय करायची, तर त्याचा सोर्स कोड हवा होता आणि तो मिळत नव्हता. कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या एका संशोधकाकडे तो होता, पण गुप्ततेच्या करारावर सही केल्याचं सांगून त्याने नकार दिला. एका माणसाच्या सहीमुळे बाकी सगळ्यांची मदत अडते, ही गोष्ट स्टॉलमन यांच्या मनात खोल रुतली.

२७ सप्टेंबर १९८३ रोजी त्यांनी जाहीर केलं की, युनिक्सशी जुळणारी एक संपूर्ण ऑपरेटिंग सिस्टिम आपण लिहिणार आहोत आणि ती कोणालाही वापरता, वाचता, बदलता आणि वाटता येईल. तिचं नाव ग्नू. एमआयटीने पुढे या कामावर हक्क सांगू नये म्हणून जानेवारी १९८४ मध्ये त्यांनी नोकरी सोडली. प्रयोगशाळेचे प्रमुख पॅट्रिक विन्स्टन यांनी मात्र त्यांना तिथली यंत्रं वापरत राहण्याची मुभा दिली.

युनिक्स हा नमुना निवडण्यामागे व्यवहार होता. युनिक्स सुट्या भागांची बनलेली असल्याने एकेक भाग स्वतंत्रपणे लिहून जुन्याच्या जागी बसवता येत होता. १९८५ मध्ये ग्नू ईमॅक्स हा संपादक वापरण्याजोगा झाला आणि स्टॉलमन त्याच्या टेप्स १५० डॉलरला विकून गुजराण करू लागले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन स्थापन झालं. १९८७ मध्ये जीसीसी हा कंपायलर आला. ब्रायन फॉक्स यांनी बॅश हा शेल लिहिला, रोलंड मॅकग्राथ यांनी सी भाषेची लायब्ररी उभी केली. १९८९ मध्ये ग्नू जनरल पब्लिक लायसन्स, म्हणजे जीपीएल, हा परवाना आला. या परवान्याखालचा प्रोग्रॅम कोणीही घ्यावा, बदलावा, विकावा. पण पुढे वाटताना सोर्स कोड आणि हेच हक्क घेणाऱ्याला दिलेच पाहिजेत.

बांधकामात पाया आधी घातला जातो आणि कळस शेवटी चढतो. ग्नूच्या बाबतीत क्रम उलटा झाला. संपादक, कंपायलर, शेल हे प्रोग्रॅम कुठल्याही युनिक्सवर लगेच उपयोगी पडत होते, म्हणून ते आधी तयार झाले. यंत्राशी थेट बोलणारा, स्मृती आणि प्रोसेसरचा वेळ वाटून देणारा कर्नेल हा सर्वांत खालचा थर शेवटाला राहिला. १९८६ मध्ये एमआयटीच्या ट्रिक्स या कर्नेलचा विचार झाला. मग कार्नेगी मेलनच्या मॅकचा आधार घ्यायचं ठरलं आणि तो मुक्त परवान्याखाली मिळेपर्यंत थांबणं आलं. १९९० मध्ये हर्ड या नावाने काम सुरू झालं. हर्डची रचना महत्त्वाकांक्षी होती. एकाच मोठ्या कर्नेलऐवजी, एकमेकांना निरोप पाठवत काम करणारे अनेक छोटे प्रोग्रॅम तिने योजले होते. त्यातल्या चुका शोधणं फार जिकिरीचं ठरलं आणि वर्षं उलटत गेली.

हेलसिंकीत भरलेली जागा

टॉरवाल्ड्स यांनी जानेवारी १९९१ मध्ये ३८६ प्रोसेसरचा संगणक घेतला होता. त्यावर ते अँड्र्यू टॅनेनबॉम यांची मिनिक्स ही शिकवण्यासाठी बनवलेली छोटी सिस्टिम चालवत. तिच्या मर्यादा खुपू लागल्या आणि त्यांनी स्वतःचा कर्नेल लिहायला घेतला. सप्टेंबरात ०.०१ ही आवृत्ती तयार झाली. ती जेमतेम दहा हजार ओळींची होती. तिच्यासोबतच्या टिपणात टॉरवाल्ड्स यांनीच स्पष्ट केलं होतं की, नुसत्या कर्नेलने काहीच साधत नाही, शेल, कंपायलर, लायब्ररी हे सगळं लागतं आणि लिनक्ससोबतची बहुतेक साधनं ग्नूची आहेत. श्रेयाची पहिली नोंद त्यांच्याच हातची आहे.

नाव मात्र त्यांनी ठेवलेलं नव्हतं. त्यांना फ्रीक्स हे नाव हवं होतं. स्वतःच्या नावावरून सिस्टिमचं नाव ठेवणं त्यांना अहंकाराचं वाटत होतं. फिनलंडच्या एफटीपी सर्व्हरवर फाइल्स ठेवणाऱ्या आरी लेमके यांना फ्रीक्स आवडलं नाही. त्यांनी डिरेक्टरीला लिनक्स असं नाव दिलं आणि तेच टिकलं.

सुरुवातीच्या परवान्यात लिनक्स पैसे घेऊन वाटायला मनाई होती. १९९२ मध्ये टॉरवाल्ड्स यांनी जीपीएल स्वीकारला. आपण केलेल्या गोष्टींत ही सर्वांत चांगली होती, असं ते पुढे म्हणाले. या निर्णयामुळे दोन्ही बाजूंचा कोड एकाच नियमाखाली आला. जगभरातले प्रोग्रॅमर दुरुस्त्या पाठवू लागले. टॉरवाल्ड्स त्या तपासत, पसंत पडतील त्या घेत आणि पुन्हा पुन्हा नवी आवृत्ती काढत. १४ मार्च १९९४ रोजी १.० ही आवृत्ती आली, तेव्हा कर्नेल १,७६,२५० ओळींचा झाला होता. एवढ्या माणसांना एका कामावर धरून ठेवणं ही टॉरवाल्ड्स यांची मोठी कर्तबगारी होती. हर्डच्या गटाला जे साधलं नाही, ते त्यांनी साधलं.

नाव कसं चिकटलं

कर्नेल, कंपायलर, शेल, लायब्ररी आणि शेकडो प्रोग्रॅम गोळा करून ते जुळवणं हे सामान्य वापरणाऱ्याच्या आवाक्याबाहेरचं होतं. १९९२ पासून हे काम करणारे संच निघाले. त्यांना डिस्ट्रिब्यूशन म्हणू लागले. पीटर मॅकडॉनल्ड यांचा एसएलएस, पॅट्रिक व्होल्कर्डिंग यांचा स्लॅकवेअर, मग रेड हॅट. यग्ड्रासिल या कंपनीने आपल्या सीडीला एलजीएक्स म्हटलं. त्यात लिनक्स, ग्नू आणि एक्स विंडो सिस्टिम अशी तिघांची अक्षरं होती. तीन मोठ्या भागांना एका नावात जागा देण्याचा तो प्रामाणिक प्रयत्न होता, पण तो लोकांच्या तोंडी बसला नाही.

लोक लिनक्स म्हणत राहिले आणि त्यामागे कोणाची लबाडी नव्हती. ग्नूची साधनं सन किंवा डेकच्या यंत्रांवर आधीपासून वापरणाऱ्याला नवं काय मिळालं, तर कर्नेल. नव्या गोष्टीचं नाव अख्ख्या संचाला पडलं. ते उच्चारायला सोपं होतं, त्यामागे फिनलंडच्या तरुणाची वर्तमानपत्रांना आवडेल अशी गोष्ट होती. फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनच्या स्वतःच्या पत्रिकेतही जून १९९४ मध्ये या संचाचा उल्लेख लिनक्स असाच आहे. जानेवारी १९९५च्या अंकात तो ग्नू/लिनक्स झाला.

मधल्या काळात डेबियन पुढे आलं होतं. इयन मर्डॉक यांनी ऑगस्ट १९९३ मध्ये त्याची घोषणा केली. फाउंडेशनने नोव्हेंबर १९९४ पासून वर्षभर त्याला आर्थिक मदत केली. या प्रकल्पाने आपल्या संचाला डेबियन ग्नू/लिनक्स म्हटलं आणि मदत थांबल्यावरही ते नाव सोडलं नाही. मोठ्या डिस्ट्रिब्यूशनपैकी जोडनाव इतक्या निष्ठेने सांभाळलं ते डेबियननेच.

बर्कलीचा धडा

श्रेयासाठी लढणारे स्टॉलमन पहिले नव्हते. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली शाखेने एटी अँड टीच्या युनिक्सवर बीएसडी ही आपली शाखा वाढवली होती आणि पुढे एटी अँड टीचा कोड काढून टाकत तिचा मोठा भाग मुक्तपणे वाटायला सुरुवात केली होती. तिच्या परवान्यात एक अट होती. बीएसडीचा कोड वापरलेल्या वस्तूच्या जाहिरातीत त्या कोडच्या गुणांचा उल्लेख आला, तर विद्यापीठाचं नाव घेणारं ठरावीक वाक्य छापलं पाहिजे.

१९९२ मध्ये एटी अँड टीच्या युनिक्स सिस्टिम लॅबोरेटरीजने बीएसडी विकणाऱ्या कंपनीवर खटला भरला. विद्यापीठही त्यात ओढलं गेलं. विद्यापीठाने उलट दावा ठोकला. सिस्टिम फाइव्ह या युनिक्समध्ये बर्कलीचा कोड वापरला आहे आणि परवान्याने सांगितलेलं श्रेय दिलेलं नाही, असा तो दावा होता. भरपाई म्हणून ही चूक मान्य करणाऱ्या पानभर जाहिराती वॉल स्ट्रीट जर्नल आणि फॉर्च्यूनमध्ये द्याव्यात, अशी मागणी होती. १९९४च्या सुरुवातीला तडजोड झाली. बर्कलीच्या १८,००० फाइल्सपैकी तीन काढल्या गेल्या आणि काहींत किरकोळ बदल झाले. या खटल्याच्या सावटात बीएसडीची मोलाची दोन वर्षं गेली आणि नेमक्या त्याच काळात लिनक्सने जम बसवला.

जाहिरातीची ती अट मात्र दुसऱ्याच अर्थाने अंगावर आली. बर्कलीचा परवाना इतरांनी उचलला आणि विद्यापीठाच्या जागी स्वतःचं नाव घातलं. १९९७ मध्ये स्टॉलमन यांनी नेटबीएसडीच्या एका आवृत्तीत अशी सक्तीची वाक्यं मोजली. ती ७५ निघाली. जाहिरात करायची, तर ७५ जणांचे आभार छापणं भाग होतं. ही अट सोडावी, असा आग्रह स्टॉलमन यांनीच धरला. २२ जुलै १९९९ रोजी विद्यापीठाने ती मागे घेतली.

सगळ्या वादात मला हा भाग सर्वांत महत्त्वाचा वाटतो. श्रेय सक्तीने वसूल करायला गेलं की मुक्त सॉफ्टवेअरचाच श्वास कोंडतो, हे स्टॉलमन यांना नीट कळलं होतं. जीपीएलमध्ये सिस्टिमला ग्नू म्हणण्याची अट का घातली नाही, या प्रश्नाला फाउंडेशनचं उत्तर सरळ आहे. परवाना वापरणाऱ्याच्या स्वातंत्र्यासाठी आहे. कोणी सिस्टिमला लिनक्स म्हटलं, म्हणून कोणाचं स्वातंत्र्य हिरावलं जात नाही. त्यामुळे परवान्याने लोकांच्या तोंडातल्या नावावर बंधन घालणं योग्य नाही. ज्या हाताने त्यांनी जीपीएल लिहिला, त्याच हाताने स्वतःच्या श्रेयाची कायदेशीर वाट बंद केली. उरली फक्त विनंती.

१९९६ : एका शब्दाचा बदल

ती विनंती मे १९९६ मध्ये फार वेगळ्या रूपात पुढे आली. ग्नू ईमॅक्सची १९.३१ ही आवृत्ती निघाली. प्रोग्रॅम कोणत्या सिस्टिमसाठी बांधायचा हे ओळखणाऱ्या भागात आजवर लिनक्स हा शब्द होता. तिथे आता लिग्नक्स असा शब्द आला. लिनक्सच्या पोटात ग्नू बसवून तो घडवला होता. सोबत लिनक्स आणि ग्नू सिस्टिम यांचं नातं सांगणारा स्टॉलमन यांचा लेख जोडला होता. लिनक्सवर आधारलेली ग्नू सिस्टिम, ग्नू/लिनक्स किंवा लिग्नक्स, यांपैकी काहीही म्हणा, असं त्यात सुचवलं होतं.

प्रतिक्रिया तिखट आल्या. कोणालाही न विचारता प्रोग्रॅमच्या पोटातून नाव लादलं जात आहे, असं अनेकांना वाटलं. पुढच्याच १९.३२ या आवृत्तीत लिग्नक्स जाऊन लिनक्स-ग्नू आलं. टॉरवाल्ड्स यांनी या चर्चेवर पडदा टाकताना म्हटलं की, दोन्ही बाजूंना योग्य ते श्रेय मिळत असेल, तर लोक सिस्टिमला काय म्हणतात याने फारसा फरक पडत नाही आणि आपण स्वतः लिनक्सच म्हणत राहू.

त्याच वर्षी या नावाला एक वेगळंच ग्रहण लागलं. बॉस्टनचे विल्यम डेला क्रोचे यांनी लिनक्स हा शब्द स्वतःच्या नावे ट्रेडमार्क म्हणून नोंदवला होता. आता ते लिनक्स विकणाऱ्या कंपन्यांकडे उत्पन्नातला दहा टक्के वाटा मागू लागले. कर्नेलमध्ये ज्यांचा काही हात नव्हता, त्यांच्याकडे कायद्याने नावाची मालकी होती. कंपन्या आणि टॉरवाल्ड्स यांनी मिळून दाद मागितली. ऑगस्ट १९९७ मध्ये तडजोड होऊन ट्रेडमार्क टॉरवाल्ड्स यांच्याकडे आला.

दुसरं नाव, दुसरी फाळणी

जानेवारी १९९८ मध्ये नेटस्केपने आपल्या ब्राउजरचा सोर्स कोड खुला करण्याची घोषणा केली. कंपन्यांच्या दारात पाय ठेवण्याची ही संधी आहे, असं प्रोग्रॅमर एरिक रेमंड आणि त्यांच्या सहकाऱ्यांना वाटलं. फेब्रुवारीच्या सुरुवातीला कॅलिफोर्नियात एक छोटी बैठक झाली. फोरसाइट इन्स्टिट्यूटच्या क्रिस्टीन पीटरसन यांनी ओपन सोर्स हा शब्द शोधला होता, पण बैठकीत तो थेट मांडायला त्यांना संकोच वाटत होता. टॉड अँडरसन यांनी बोलण्याच्या ओघात तो सहज वापरला, इतरांनी उचलला आणि बैठक संपेपर्यंत तो रुळला होता. हा प्रसंग पीटरसन यांनी स्वतः लिहून प्रसिद्ध केला तो वीस वर्षांनी, २०१८ मध्ये.

महिन्याभरात रेमंड आणि ब्रूस पेरेन्स यांनी ओपन सोर्स इनिशिएटिव्ह ही संस्था काढली. तिने मान्य केलेल्या परवान्यांची यादी आणि मुक्त सॉफ्टवेअरच्या परवान्यांची यादी जवळपास सारखीच आहे. फरक बोलण्यात होता. ओपन सोर्सवाले सांगत की, या पद्धतीने प्रोग्रॅम अधिक चांगला होतो आणि चुका लवकर सापडतात. वापरणाऱ्याच्या हक्काची भाषा त्यांनी जाणीवपूर्वक मागे ठेवली, कारण ती कंपन्यांना बुजवते असा त्यांचा अनुभव होता. स्टॉलमन यांचा आक्षेप नेमका इथे होता. उद्या बंद प्रोग्रॅम अधिक चांगला निघाला, तर तुम्ही तो घ्याल का? हक्काचं कारण माहीत नसलेला माणूस घेईल आणि त्याला काही गमावल्यासारखंही वाटणार नाही.

ग्नू या नावाचा आग्रहही याच चिंतेतून आला होता. स्टॉलमन यांनी सिस्टिमला स्वतःचं नाव द्या असं कधी म्हटलं नाही. त्यांनी मागितलं ते प्रकल्पाचं नाव, कारण ते ऐकणारा विचारील की हा ग्नू कोण आणि त्याला हे सगळं कशासाठी लिहावंसं वाटलं.

दोन्ही बाजूंचा हिशेब

ऑगस्ट १९९९ मध्ये सॅन होजेच्या लिनक्सवर्ल्ड प्रदर्शनात फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनला लिनस टॉरवाल्ड्स यांच्या नावाचा पुरस्कार मिळाला. तो स्वीकारताना स्टॉलमन यांनी स्टार वॉर्सचा दाखला दिला. बंडखोरांच्या सगळ्या ताफ्याला हान सोलोच्या नावाचा पुरस्कार देण्यासारखं हे आहे, असं ते म्हणाले. त्याच आठवड्यात रेड हॅटचा शेअर बाजारात आला आणि १४ डॉलरवरून पहिल्याच दिवशी ५२ डॉलरवर गेला. लिनक्स या नावाची किंमत आता बाजारात ठरत होती.

स्टॉलमन यांच्या बाजूने मोठा आधार आकड्यांचा होता. एका सीडी विक्रेत्याने आपल्या संचाची मोजदाद केली, तेव्हा एकूण सोर्स कोडपैकी सुमारे २८ टक्के ग्नूचा आणि सुमारे ३ टक्के लिनक्सचा निघाला. शिवाय संपूर्ण मुक्त सिस्टिम बनवायची, हे ध्येय ठेवून सुरू झालेला प्रकल्प ग्नूच होता. एक्स विंडोचे किंवा पर्लचे लेखक आपापला प्रोग्रॅम लिहीत होते. ग्नूने यादी केली आणि जे भाग कोणी लिहीत नव्हतं ते लिहून घेतले.

विरुद्ध बाजूही पोकळ नव्हती. ग्नूचं नाव घ्यायचं, तर एक्सचं, अपाचेचं, बर्कलीचं का नाही? रेघ कुठे ओढायची? २००१ मध्ये डेव्हिड व्हीलर यांनी रेड हॅट लिनक्स ७.१ची मोजणी केली. त्यात तीन कोटींहून अधिक ओळी भरल्या. पगारी माणसं लावून कंपनीच्या पद्धतीने हे लिहायचं, तर सुमारे ८,००० मनुष्यवर्षं आणि एक अब्ज डॉलरहून जास्त खर्च आला असता, असा त्यांचा अंदाज होता. त्यात कर्नेल सुमारे २४ लाख ओळींचा, म्हणजे सर्वांत मोठा एकटा भाग होता, पण एकूण संचाच्या तो फक्त ८ टक्के होता. हीच मोजणी दोन्ही बाजूंना हात देते. सर्वांत मोठ्या भागाचं नाव संचाला मिळालं, यात आश्चर्य नाही. आणि बाकी ९२ टक्के काम त्या नावात दिसत नाही, हेही खरं.

टॉरवाल्ड्स यांचं म्हणणं असं की, ग्नूने स्वतःचा संच काढला, तर त्याला ग्नू लिनक्स म्हणणं योग्यच आहे, जसं रेड हॅट लिनक्स म्हणतात. सगळ्याच लिनक्सला तसं म्हणणं मात्र त्यांना हास्यास्पद वाटत होतं. या भूमिकेत वैर नाही. आपल्या कर्नेलचं नाव लोकांनी आपणहून पसरवलं, त्यावर आता कोणी नियम बसवू नये, एवढंच त्यात आहे.

भारतातला प्रवास

भारतात हा वाद पोचला तो वापरणाऱ्यांच्या गटांतून. पुण्याच्या गटाने आपलं नाव पुणे ग्नू/लिनक्स युजर्स ग्रुप असं ठेवलं. पुण्यातच सिंबायोसिसच्या संगणक अभ्यास संस्थेत वर्षानुवर्षं भरणाऱ्या परिषदेचं नाव ग्नुनिफाय. जुलै २००१ मध्ये तिरुवनंतपुरमला फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन ऑफ इंडियाची सुरुवात झाली. तिच्या अध्यक्षपदाची धुरा मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रातले जी. नागार्जुन यांनी सांभाळली. केरळच्या शाळांनी ग्नू/लिनक्स स्वीकारली आणि सी-डॅकने आपला संच बॉस ग्नू/लिनक्स या नावाने काढला. या मंडळींनी जोडनाव सोयीसाठी घेतलं नव्हतं. शाळेतल्या मुलाला प्रोग्रॅम उघडून पाहण्याचा हक्क असावा, हे त्यांना नावातूनच सांगायचं होतं.

लिनक्स आहे, ग्नू नाही

२००८ मध्ये अँड्रॉइडचा पहिला फोन बाजारात आला. त्यात कर्नेल लिनक्सचा आहे, पण सी लायब्ररी ग्नूची नाही. गूगलने बायोनिक नावाची वेगळी लायब्ररी लिहिली आणि तिचा बराच भाग बीएसडीकडून घेतला. अँड्रॉइडमध्ये लिनक्स आहे आणि ग्नू नाही, हे स्टॉलमन यांनीही मान्य केलं. उलट डेबियनने २०११ मध्ये फ्रीबीएसडीच्या कर्नेलवर ग्नूची साधनं चालवणारा संच काढला, म्हणजे तिथे ग्नू होतं आणि लिनक्स नव्हतं. दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे पंधरा वर्षांच्या वादाने अनेकांना पटलं नव्हतं. ते या दोन उदाहरणांनी सहज सिद्ध केलं.

अँड्रॉइडने आणखी एक गोष्ट उघड केली. आज लिनक्स कर्नेल जगातल्या बहुसंख्य फोनमध्ये आहे, पण त्यातल्या बऱ्याच फोनमध्ये मालकाला स्वतः बदललेली सिस्टिम चढवता येत नाही. सोर्स कोड मिळतो, हक्क हाती येत नाही. १९८०च्या प्रिंटरपाशी अडलेला प्रश्न आता खिशातल्या यंत्रापाशी अडलेला आहे. नाव जिंकलं आणि कारण मागे पडलं, तर काय होतं, हे समजायला याहून स्पष्ट दाखला लागू नये.

माझं मत असं आहे की, रोजच्या बोलण्यात लिनक्स हेच नाव राहणार आणि त्यावरून कोणाला टोकण्यात अर्थ नाही. माणसांच्या नोंदी मुक्त सॉफ्टवेअरने उत्तम ठेवल्या आहेत. कर्नेलसोबत योगदान देणाऱ्यांची फाइल येते, ग्नूच्या प्रोग्रॅमसोबत लेखकांची यादी असते, कोणती ओळ कोणी बदलली हे शोधता येतं. ब्रायन फॉक्स किंवा रोलंड मॅकग्राथ यांची नावं पुसली गेलेली नाहीत. या नोंदींत मावत नाही ते कारण. आठ वर्षं कर्नेल नसताना कंपायलर आणि शेल लिहीत राहणाऱ्या माणसांना काय हवं होतं, हे कोणत्याच फाइलमध्ये आपोआप उमटत नाही आणि परवान्याने ते सांगण्याची सक्तीही करता येत नाही. बर्कलीच्या ७५ वाक्यांनी ते शिकवलं आहे.

म्हणून ही जबाबदारी शिकवणाऱ्यांवर आणि लिहिणाऱ्यांवर येते. आपल्या महाविद्यालयांत ऑपरेटिंग सिस्टिमचा विषय शिकवताना लिनक्सचा इतिहास १९९१ पासून सांगितला जातो. तो १९८३ पासून सांगितला पाहिजे. आठ वर्षांचा हा फरक भरून निघाला, तर विद्यार्थी सिस्टिमला कोणत्याही नावाने हाक मारो, ती आपल्या हाती कशी आली आणि तिच्यावर आपला हक्क कोणता, हे त्याला ठाऊक असेल. स्टॉलमन यांनी जोडनावातून जे मागितलं होतं, ते एवढंच होतं आणि ते मागणं रास्त होतं.